निळी बाटली

जानेवारीतली संध्याकाळ. माशांच्या दुकानात एक गृहस्थ मोबाइल पुढे धरून उभे होते. पडद्यावर केशरी गोल्डफिश आणि त्याच्या गालावर, म्हणजे कल्ल्याच्या झाकणावर, बारीक पांढरे ठिपके. "हे काय आलंय बघा याला." दुकानदाराचा एक हात सायफनच्या नळीवर अडकलेला. दुसऱ्या हाताने, मागे वळूनही न बघता, त्याने फळीवरची मिथिलीन ब्लूची बाटली काढली. "व्हाइट स्पॉट. रोज दहा थेंब, तीन दिवस." पैसे दिले, बाटली खिशात गेली, व्यवहार संपला. ठिपके फक्त गालावर आहेत की शेपटीवरही, मासा खातोय का, दगडाला अंग घासतोय का, टाकी किती लिटरची, यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. आणि फोटोतले ते ठिपके जरा जास्तच शिस्तीत बसलेले होते. एकाशेजारी एक, सगळे सारख्या आकाराचे. तेवढंच खटकलं, आणि मग डोक्यातून जाईना.

दुकानदाराचा अंदाज अगदीच हवेतला होता असं नाही. हा मोसम व्हाइट स्पॉटचाच. पुण्या-नाशकाकडे हीटर नसलेल्या टाकीचं पाणी थंडीच्या रात्री चांगलंच उतरतं आणि दुपारी पुन्हा चढतं. या चढउतारात माशाची प्रतिकारशक्ती मंदावते. त्यात हे मासे चेन्नईच्या कोलतूरहून किंवा कोलकात्याकडून, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत दाटीवाटीने प्रवास करून आलेले. अंगावरचा बुळबुळीत थर, जो खरं तर माशाचं चिलखत, तो जाळ्यात आणि पिशवीत घासून निघालेला असतो. घरी आल्यावर चार-सहा दिवसांत एखादा मासा वाळूवर कूस घासायला लागतो, पर मिटून घेतो, आणि सकाळी दिवा लावावा तर अंगावर कुणी रवा भुरभुरल्यासारखं. परांवर, शेपटीवर, पाठीवर, कसाही विखुरलेला. खरा व्हाइट स्पॉट असाच दिसतो. दाणा अर्ध्या ते एक मिलिमीटरचा, मोजता येण्याजोगा. याउलट वेल्वेट नावाचा रोग समोरून पाहिला तर दिसतही नाही. खोलीत अंधार करायचा आणि टॉर्च माशाच्या अंगाला तिरका लावायचा; मग जेजुरीचा भंडारा उधळल्यासारखी पिवळट सोनेरी पूड अंगभर चमकते. दाणा आणि पूड, फरक एवढाच, पण उपचार निराळे.

व्हाइट स्पॉटचा जंतू, इक्थिओफ्थिरियस, हौशी मंडळींच्या तोंडी नुसता 'इक'. तो माशाच्या कातडीवर बसत नाही, कातडीच्या आत शिरतो. आपल्याला दिसणारा पांढरा दाणा म्हणजे त्याच्यावर माशाच्याच पेशींनी धरलेलं छप्पर. आत तो खात, गोल गोल फिरत वाढतो. पोट भरलं की छप्पर फोडून बाहेर पडतो, तळाला जातो, वाळूवर किंवा झाडाच्या पानावर चिकट कवच करून बसतो आणि आतल्या आत विभागत सुटतो. एकाचे शेकडो, कधी हजारापर्यंत. मग ही पिल्लावळ कवच फोडून पोहायला निघते. हिला मासा हवा, आणि लवकर हवा. दोन दिवसांच्या आसपास मासा सापडला नाही तर ती मरते. हा सगळा फेरा पंचवीस अंशांच्या पाण्यात तीन ते सहा दिवसांत पुरा होतो आणि दहा अंशांवर महिनाभराहून जास्त रेंगाळतो. औषध वापरा नाहीतर मीठ, त्याचा घाव बसतो तो या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालच्याला माशाचं छप्पर वाचवतं, तळाशी बसलेल्याला त्याचं कवच.

म्हणजे जो ठिपका दिसतो त्याला औषध लागू पडतच नाही.

'तीन दिवस' या सल्ल्यातली गोम इथे आहे. पहिल्या दिवशी औषध घातलं, तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, मालक खूश, बाटली कपाटात. प्रत्यक्षात ठिपके बरे झालेले नसतात, पिकून गळालेले असतात, आणि टाकीच्या तळाशी त्यांचं बाळंतपण चालू असतं. आठवड्याभराने मासा पुन्हा पांढरा होतो, या वेळी दुपटीने, शिवाय कल्ल्यांच्या आतही. मग "औषध नकली होतं" असं म्हणून दुसरी बाटली येते. उपचाराची मुदत ठिपक्यांवरून ठरवायची नसते, पाण्याच्या तापमानावरून ठरवायची असते. पंचवीस-सव्वीस अंशांना दर तीन-चार दिवसांनी डोस, असे किमान तीन ते पाच, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर नेट. पाणी गार असेल तर मुदत त्या हिशेबाने लांबवायची. रोज सायफनने तळ ओढायचा, कारण त्या नळीतून कवचासकट शेकडो पिल्लं बादलीत जातात. सगळ्यात स्वस्त औषध हेच, आणि कंटाळा करतात तोही याचाच.

आता ते दहा थेंब. कशाचे दहा थेंब, किती पाण्यात? आपल्याकडे टाकी फुटांत विकत घेतात आणि औषध लिटरमध्ये घालतात, घोटाळा तिथूनच सुरू होतो. दोन बाय एक बाय एकची टाकी म्हणजे दोन घनफूट, साधारण साडेछप्पन्न लिटर. पण हे काठोकाठ, रिकाम्या टाकीचं माप. वरची दोन इंच जागा, तळाची वाळू, दगड आणि तो प्लास्टिकचा किल्ला वजा केला की खरं पाणी चव्वेचाळीस-पंचेचाळीस लिटर उरतं. साठ धरून औषध घातलं तर डोस तिसऱ्या हिश्श्याने जास्त, आणि मॅलकाइट ग्रीनसारख्या औषधाला तेवढं चुकणं पुरतं. निऑन टेट्रा, लोच आणि खवले नसलेले कॅटफिश यांना ते अर्ध्या प्रमाणातच द्यायचं. (खायच्या माशांवर हे वापरायला मनाई आहे, त्यामुळे हातमोजे घालायचे आणि टाकीतलं पाणी शेततळ्यात ओतायचं नाही.) थेंब मोजण्यापेक्षा औषधाच्या दुकानातली पाच मिलिलिटरची सिरिंज बरी. फिल्टरमधला कार्बन आधी काढून ठेवायचा, नाहीतर तुम्ही घातलेलं औषध तोच पिऊन टाकतो. टाकीचा दिवाही बंद ठेवावा, कारण उजेडात मॅलकाइटचा जोर लवकर ओसरतो.

मीठ मात्र स्वयंपाकघरातलं चालतं. लिटरला दोन ते तीन ग्रॅम. पंचेचाळीस लिटरला तीनच्या हिशेबाने एकशे पस्तीस ग्रॅम. चमच्याने नाही, वजनकाट्यावर. जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो. तीन भाग करून, दर बारा तासांनी एक, टाकीच्याच पाण्यात विरघळवून घालायचं. खडे थेट टाकले तर तळाशी बसणाऱ्या माशाच्या अंगाला पोळतं. "आयोडीनवालं मीठ विष आहे" हा हौशी लोकांतला जुना समज. मिठात आयोडीन असतं लाखात दोन-तीन भाग. ते लिटरला तीन ग्रॅमने पाण्यात उतरलं तर माशाला जाणवणारही नाही. तरी खडे मीठ वापरलं तर कुणाशी वाद नको, शिवाय ते स्वस्त. खरी चूक पाणी बदलताना होते. वाफ होऊन पाणी कमी झालं तर मीठ टाकीतच राहतं, त्यामुळे वरून साधं पाणीच घालायचं. पण दहा लिटर काढून दहा लिटर नवं घातलं तर त्या दहा लिटरपुरतं तीस ग्रॅम पुन्हा मोजायचं. वॅलिसनेरियासारखी झाडं मिठाने पिवळी पडतात, तेवढं गृहीत धरावं.

उष्णता हा तिसरा मार्ग. हीटरने दोन-तीन तासांना एक अंश, असं हळूहळू तीस अंशांवर न्यायचं आणि दहा दिवस तिथे टिकवायचं. तीस अंशांना इकची बहुतेक कुळं वाढू शकत नाहीत, पण पाण्यातला प्राणवायूही उतरतो. पंचवीस अंशांना पाणी लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम धरून ठेवतं, तीस अंशांना जेमतेम साडेसात. आधीच कल्ले सुजलेल्या माशाला हा फरक जिवाचा. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन जादा लावल्याशिवाय तापमान चढवायचं नाही, आणि गोल्डफिशसारख्या थंड पाण्याच्या माशावर हा प्रयोग शक्यतो करायचाच नाही.

पण हे सगळं कधी? रोग तोच आहे हे कळल्यावर. मासा अंग घासतो, वर येऊन तोंड उघडझाप करतो, पर मिटतो, ही लक्षणं माशांच्याच घाणीतून पाण्यात साचणाऱ्या अमोनियाचीही असतात, नायट्राइटचीही, नळाच्या क्लोरीनचीही. पावसाळ्यात बादलीला तो वास चांगला येतो. त्यामुळे पहिली बाटली पाणी तपासायच्या टेस्ट किटची. अमोनिया शून्य नसेल तर औषध बाजूला, आधी पाणी बदला. नव्या टाकीत तर हमखास हेच असतं, आणि त्यावर जंतुनाशक घातलं की फिल्टरच्या स्पंजमधले अमोनिया पचवणारे बॅक्टेरियाही मरतात. म्हणजे जो आजार नव्हता त्याच्या औषधाने खरा आजार वाढवला.

पाणी ठीक निघालं की मग सूक्ष्मदर्शक. नाव ऐकून लोक मागे सरतात, पण शाळेच्या प्रयोगशाळेतला, शंभरपट मोठं दाखवणारा पुरे. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोप एकशे चाळीसपट दाखवतो आणि खिशात मावतो. काचपट्टीवर आधी टाकीतल्या पाण्याचा थेंब ठेवायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतूंना मारून टाकेल. ओल्या हाताने किंवा ओल्या फडक्यात मासा धरायचा, छातीच्या पराच्या मागे आच्छादक काचेची कड डोक्याकडून शेपटीकडे एकदाच, खवला न उचकटता, हलकेच ओढायची. मासा परत पाण्यात, सगळं मिळून अर्ध्या मिनिटात. तो करडा चिकटा थेंबात ठेवून वर काच, आणि लगेच बघायचं. मासा मेल्यावर तासाभराने घेतलेला नमुना बहुतेक फुकट जातो, कारण मेलेल्या यजमानाकडे पाहुणे थांबत नाहीत.

आणि मग त्या उजेडाच्या गोलात जे दिसतं त्याची लाज वाटावी की कौतुक, कळत नाही. इक म्हणजे काळसर, जड गोळा, सगळ्या अंगावर केस, संथपणे लोळणारा, आणि पोटात घोड्याच्या नालासारखा वाकलेला केंद्रक. तो नाल दिसला की शंका उरत नाही. ट्रायकोडिना म्हणजे स्वतःभोवती फिरणारी बशी, आत दातेरी चक्र. इतकी देखणी की क्षणभर विसरायला होतं की ही माशाच्या अंगावरून आली. एक-दोन दिसल्या तर औषध नको. गर्दी असेल तर टाकीच्या तळाशी कुजणारं खाणं आहे, ते आधी काढा. कायलोडोनेला बदामाच्या आकाराची, सरपटत जाते. कॉस्टिया इतका बारीक की शंभरपटीत नुसती थरथर दिसते. त्याला चारशेपट लागते. इक सोडला तर यातल्या कुणाचाही पांढरा दाणा नसतो. अंगावर फक्त निळसर, दुधाळ साय धरते, म्हणूनच 'व्हाइट स्पॉट नाही ना, मग ठीक आहे' म्हणणाऱ्यांची टाकी आठ दिवसांत रिकामी होते. मिठाने यातले बरेचसे जातात. नाहीच गेले तर फॉर्मलिन, चाळीस लिटरला एक मिलिलिटर, भरपूर हवा सोडून, कारण ते पाण्यातला प्राणवायू खातं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते फॉर्मलिन फेकायच्याच लायकीचं. तो साका माशाला जहर.

कल्ल्यातल्या कृमींचं वेगळं. एक कल्ला मिटलेला आणि दुसरा धापा टाकतोय, असा मासा दिसला की फ्लूकचा, म्हणजे या कृमींचा, संशय घ्यावा. कातडीवरची गायरोडॅक्टायलस जळूसारखी लांबते-आखडते. पोटात आकड्यांसकट पोर, आणि त्या पोराच्या पोटात आणखी एक पोर. नीट फोकस केलं तर दोन्ही दिसतात. कल्ल्यातली डॅक्टायलोगायरस चार डोळ्यांच्या ठिपक्यांवरून ओळखू येते, आणि ती अंडी घालते. हा फरक पुस्तकी नाही. पिल्लं घालणारी प्राझिक्वांटेलच्या एका डोसात जाते. अंड्यांवर मात्र ते चालत नाही, म्हणून आठवड्याने दुसरा डोस, गार पाणी असेल तर आणखी उशिरा तिसराही. लिटरला अडीच मिलिग्रॅम. सहाशे मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग म्हणजे साठ लिटरला पुरे. गोळी पाण्यात नीट विरघळत नाही. खलबत्त्यात पूड करून बाटलीत पाण्याबरोबर खूप हलवावी आणि गढूळ असतानाच ओतावी. कुत्र्याच्या जंताच्या गोळ्यांत प्राझिक्वांटेल असतं खरं, पण सोबत इतर दोन-तीन औषधंही असतात. तसली गोळी टाकीत नको.

पोटातले जंतू आणि जंत पाण्यातून सहज हलत नाहीत. एंजल, डिस्कस, ऑस्कर यांची विष्ठा पांढऱ्या शेवईसारखी लोंबू लागली, पोट खपाटीला गेलं, आणि मासा घास तोंडात घेऊन थुंकतोय असं दिसलं की हेक्झामिटा हा आतड्यातला जंतू किंवा त्याच्या भावकीतला कुणीतरी समजावा. उपाय मेट्रोनिडाझोल. चारशे मिलिग्रॅमची एक गोळी साठ लिटरला, रोज एकदा, पाच दिवस, आणि पुढच्या डोसाआधी थोडं पाणी बदलायचं. पण मासा खात असेल तर औषध खाण्यातून द्यावं: एक ग्रॅम खाण्याला दहा मिलिग्रॅम, म्हणजे ती गोळी चाळीस ग्रॅमला. चायना ग्रास विरघळवून कोमट झाल्यावर त्यात खाणं आणि पूड कालवायची, थापून वड्या पाडायच्या आणि फ्रीजमध्ये ठेवायच्या. गप्पी किंवा मॉलीच्या गुदद्वारातून केशराच्या काड्यांसारखे लाल धागे डोकावले, आणि मासा हलला की आत गेले, तर ते कॅमॅलॅनस. त्यांना लेव्हामिसोल, लिटरला दोन मिलिग्रॅम, दिवा बंद ठेवून चोवीस तास. जंत मरत नाहीत, लुळे पडून बाहेर येतात. त्याच दिवशी तळ ओढला नाही तर बाकीचे मासे ते वेचून खातात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. अँकर वर्म आणि माशावरची ऊ डोळ्यांनीच दिसतात. पहिला दोऱ्याच्या तुटक्या टोकासारखा, दुसरी भिजलेल्या मसुरीसारखी चपटी आणि चालणारी. दोन्ही कोळंबीच्या भावकीतल्या, म्हणून त्यांच्यावर चालणारं औषध टाकीतल्या कोळंब्याही मारतं.

या सगळ्याला वीस लिटरचा एक प्लास्टिक टब पुरून उरतो. नवा मासा तीन-चार आठवडे त्यात, जुन्या फिल्टरमध्ये मुरवलेला स्पंज, वेगळं जाळं, वेगळी नळी. पिशवीतलं पाणी मोठ्या टाकीत ओतायचं नाही. हे माहीत सगळ्यांना असतं. टब मात्र धुण्याचे कपडे भिजवायला गेलेला असतो.

तो फोटो पुन्हा डोळ्यांसमोर येतो. ठिपके फक्त कल्ल्याच्या झाकणावर, आणि मोबाइल जरा मोठा करून पाहिला असता तर छातीच्या पराच्या पहिल्या काडीवरही एका ओळीत दिसले असते. शेपटीवर एकही नाही. पर ताठ उघडलेले. थंडी ओसरायच्या सुमारास गोल्डफिशच्या नराच्या गालावर असे पुटकुळे उगवतात. बोट फिरवलं तर खरखरीत, खसखस चिकटल्यासारखे. दोन दिवसांत वाढत नाहीत, चौथ्या दिवशी गळतही नाहीत; मोसम संपला की आपोआप जातात. ते वयात आल्याचं लक्षण आहे, रोगाचं नाही. त्यांच्यावर दहा थेंब रोज पडले तर ठिपके तसेच राहणार, फक्त फिल्टरचा स्पंज निळा होऊन मरणार, आणि मग अमोनियाने मासा खरोखरच अंग घासू लागणार.

गृहस्थांनी बाटली उघडली की नाही, कुणास ठाऊक. नाही उघडली आणि टाकीत एखादी मादी असेल, तर एखाद्या सकाळी हा नर तिला गालाने ढुशा देत टाकीभर पळवेल आणि झाडांवर साबुदाण्याहून बारीक, पिवळसर पारदर्शक अंडी चिकटतील. आईबापांनी ती खाऊन टाकण्याआधी झाडासकट वेगळ्या टबात काढावी लागतील. पिल्लं निघायला तीन-चार दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत जी अंडी पांढरी पडतात त्यांच्यावर बुरशी धरून शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. त्या टबात मात्र, पाणी फिकट आकाशी होईल इतपत, मिथिलीन ब्लूचे थेंब खरंच लागतात.